अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक घरबसल्या कशी पाहावी: प्रचार, डिबेट आणि निकालाची सकाळ

आधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे २२६ लिहा, उजवीकडे २१९ आणि मधे ९३. तिन्हींची बेरीज ५३८ होते. अमेरिकेचा अध्यक्ष निवडणारी मतं एवढीच. जिंकायला २७० लागतात.

हे आकडे २०२४ च्या निकालातले आहेत. काठावरची, म्हणजे कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारी, सात राज्यं बाजूला ठेवली तर उरलेल्या देशात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना २२६ आणि रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना २१९ इलेक्टोरल मतं मिळाली होती. मधली ९३ मतं त्या सात राज्यांची. ती सगळीच्या सगळी ट्रम्प यांच्या पारड्यात पडली आणि निकाल ३१२ विरुद्ध २२६ असा लागला. सात राज्यं आणि त्यांची मतं अशी: पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेव्हाडा ६. ही कागदावर उतरवून ठेवा, निकालाच्या दिवसापर्यंत हाच कागद लागणार आहे. २०२८ मध्येही राज्यांची मतं हीच राहतील, कारण ती दर दहा वर्षांच्या जनगणनेवर ठरतात आणि नवे आकडे २०३२ पासून लागू होतील. काठावरच्या राज्यांची यादी मात्र बदलू शकते. फ्लोरिडा आणि ओहायो ही एकेकाळची सगळ्यात अटीतटीची राज्यं, आज त्यांना कुणी काठावरची म्हणत नाही.

मतांचं गणित

प्रत्येक राज्याला, अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहातल्या त्याच्या जागा अधिक सिनेटमधले दोन, इतकी मतं मिळतात. म्हणून कॅलिफोर्नियाला ५४ आणि वायोमिंगला ३. राजधानी वॉशिंग्टन डीसीला ३. अठ्ठेचाळीस राज्यांत आणि डीसीत एका मताने पुढे असला तरी सगळी मतं त्याच उमेदवाराला. आपल्याकडच्या मतदारसंघासारखंच हे, फक्त मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी वेगळी: तिथे दोन मतं राज्यभरातल्या विजेत्याला आणि उरलेली प्रतिनिधिगृहाच्या एकेका मतदारसंघातल्या विजेत्याला.

हा अपवाद किरकोळ वाटतो, पण कागदावर बेरीज करून बघा. २२६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळवले की नेमके २७० होतात. त्या २२६ मधलं एक मत नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं होतं. ते घसरलं तर २६९–२६९ अशी बरोबरी. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं, २६ राज्यं मिळवणारा अध्यक्ष होतो. नेब्रास्का हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असूनही ओमाहात डेमोक्रॅटिक जाहिरातींचा मारा का होतो, ते यातून कळतं.

नवख्या प्रेक्षकाची पहिली चूक इथेच होते. टीव्हीवर देशभराची टक्केवारी दिसते आणि तीच निवडणूक वाटू लागते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली आणि त्या हरल्या. २००० मध्ये संपूर्ण निवडणूक फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर ठरली. देशव्यापी आकडा कानावर येऊ द्या, पण कागदावर नको.

जाता जाता रंगांचं. नकाशावर लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट. लाल रंग पाहून डावे आठवण्याची आपली सवय इथे नेमकी उलटी पडते.

प्रचाराचा माग कसा ठेवायचा

वेळापत्रक थोडक्यात: वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत पक्षांतर्गत निवडणुका म्हणजे प्रायमरी आणि कॉकस, जुलै-ऑगस्टमध्ये पक्षांची अधिवेशनं, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डिबेट, आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान. २०२८ मध्ये तो मंगळवार ७ नोव्हेंबरला येतो. प्रायमरीच्या काळात ‘अमुक जिंकला’ या मथळ्यावर जाऊ नका, डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) किती मिळाले ते बघा. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या वर गेलेल्यांना प्रमाणात वाटणी होते. रिपब्लिकन पक्षात नियम राज्यागणिक वेगळे आणि बऱ्याच ठिकाणी विजेत्याला सगळं. त्यामुळे सारख्याच टक्केवारीच्या विजयाची किंमत दोन पक्षांत सारखी नसते.

खरी लढत सुरू झाली की उमेदवार काय बोलतो यापेक्षा कुठे जातो ते टिपा. आठवड्याला एकदा, रविवारी, दोन्ही उमेदवारांच्या आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या सभा कोणत्या राज्यात झाल्या त्या मोजा. प्रवक्ते टीव्हीवर ‘आम्ही सगळीकडे जिंकतोय’ म्हणतील, पण विमान जिथे उतरतं तिथेच त्यांना धाकधूक असते. एक पथ्य पाळा: मोठ्या शहरातली बंद दाराआडची निधिसंकलनाची जेवणं वेगळी मोजा. तिथे पैशासाठी जातात, मतांसाठी नव्हे.

जाहिरात पाहताना उमेदवाराच्या आवाजातलं ‘हा संदेश मला मान्य आहे’ अशा अर्थाचं वाक्य येतं का ते ऐका. २००२ च्या कायद्याने उमेदवाराच्या टीव्ही आणि रेडिओ जाहिरातीत ते बंधनकारक आहे. वाक्य नसेल तर जाहिरात बहुधा सुपर पॅकची किंवा दुसऱ्या बाहेरच्या गटाची. सुपर पॅक कितीही देणगी घेऊ शकतो, उमेदवाराची समिती घेऊ शकत नाही. २०२३–२४ मध्ये समितीसाठी मर्यादा माणशी, प्रत्येक निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. समित्यांचे हिशेब फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. निवडणुकीच्या वर्षात अध्यक्षपदाच्या मोठ्या समित्या साधारण दर महिन्याच्या २० तारखेला आधीच्या महिन्याचा हिशेब देतात. जमा किती झाले याची बातमी होते. तुम्ही शिल्लक किती उरली ते बघा.

नाव ऐकून गैरसमज होतो, पण हे कमिशन म्हणजे आपला निवडणूक आयोग नव्हे. त्याचं काम फक्त पैशांपुरतं. मतदान आणि मोजणी राज्यं आणि त्यांचे जिल्हे आपापल्या कायद्याने घेतात. सगळ्या देशाचा निकाल एका ठिकाणी जाहीर करणारी सरकारी यंत्रणाच तिथे नाही. मतदानाआधीच्या ४८ तासांची आपल्यासारखी प्रचारबंदीही नाही, शेवटच्या दिवशीही सभा चालू असतात.

सर्वेक्षण वाचताना

प्रत्येक सर्वेक्षणात चार गोष्टी शोधा. मुलाखती कोणत्या तारखांना घेतल्या, किती लोकांच्या घेतल्या, ते नोंदणीकृत मतदार होते की मतदानाला जाण्याची शक्यता असलेले, आणि पैसे कुणी दिले. शेवटचं उत्तर ‘उमेदवाराच्या मोहिमेने’ असेल तर आकडा सोडून द्या. प्रतिकूल आकडे मोहीम स्वतःहून बाहेर कशाला सोडेल?

हजार लोकांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा साधारण ३ टक्के वर-खाली असते, पण ती एका उमेदवाराच्या आकड्याला लागू होते. दोघांमधल्या फरकाला ती जवळपास दुप्पट धरावी लागते. म्हणजे ‘दोन टक्क्यांनी पुढे’ ही बातमी एकट्या सर्वेक्षणावर उभी असेल तर तिचा अर्थ ‘माहीत नाही’ एवढाच. सर्वेक्षणाच्या पोटात शिरून ‘तरुण लॅटिनो पुरुष काय म्हणतात’ हे शोधण्याचा मोह तर टाळाच. हजारात असे लोक जेमतेम काही डझन निघतात. सरासरी बघा, राज्यवार बघा, आणि त्याच संस्थेच्या आधीच्या आकड्याशी तुलना करा. दोन वेगळ्या संस्थांचे आकडे शेजारी ठेवून ‘उमेदवार घसरला’ म्हणणं ही वर्तमानपत्रांचीही जुनी खोड आहे.

डिबेट: आदल्या दिवशी

डिबेट बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ९ ला सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे उन्हाळी वेळ असते, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६:३०. गजर तारीख पाहून लावा. १० सप्टेंबर २०२४ ची हॅरिस–ट्रम्प डिबेट आपल्याकडे ११ तारखेला सकाळी झाली. सूत्रसंचालकाने ८ वाजता निरोप घेतला की घरच्या चहाला मोकळे.

आदल्या दिवशी नियम वाचा, कारण डिबेटचं अर्धं स्वरूप त्यातच ठरतं. १९८८ ते २०२० या काळात सगळ्या डिबेट एकाच आयोगाने, कमिशन ऑन प्रेसिडेन्शियल डिबेट्सने भरवल्या. २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी त्याला बाजूला सारलं आणि वाहिन्यांशी थेट बोलणी केली. त्यामुळे आता नियम प्रत्येक वेळी नव्याने ठरतात. काय तपासायचं आणि का:

माइक. २९ सप्टेंबर २०२० ला क्लीव्हलँडमध्ये माइक चालू होते आणि एकमेकांना तोडण्यात ट्रम्प–बायडन डिबेटचा विचका झाला. त्यानंतर नॅशव्हिलच्या डिबेटमध्ये सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या उत्तरावेळी समोरच्याचा माइक बंद ठेवला. २७ जून २०२४ च्या सीएनएनच्या डिबेटमध्ये पाळी नसलेल्याचा माइक बंदच असायचा. बंद माइक आक्रमक उमेदवाराला आवरतो आणि त्यामुळे त्याचं भलंही करतो, हे तेव्हा दिसलं.

प्रेक्षक. सभागृहात लोक असले की टाळ्या आणि हशा घरच्या प्रेक्षकाचं मत बनवतात. २०२४ च्या दोन्ही अध्यक्षीय डिबेट प्रेक्षकांविना झाल्या. प्रश्न सामान्य मतदारांनी विचारायचे असतील तर त्याला टाउन हॉल म्हणतात, आणि तिथे उमेदवाराची देहबोली उघडी पडते. १९९२ मध्ये रिचमंडला थोरले बुश यांनी घड्याळाकडे पाहिलं, ते याच प्रकारात.

वेळ आणि क्रम. सीएनएनच्या डिबेटला ९० मिनिटं, मधे दोन जाहिराती, उत्तराला दोन मिनिटं, प्रत्युत्तराला एक. सोबत फक्त पेन, कोरी वही आणि पाण्याची बाटली. शेवटचं निवेदन कुणाचं हे नाणेफेकीने ठरलं. शेवटी बोलणाऱ्याला उत्तर द्यायला कुणी उरत नाही, म्हणून त्याचे दावे जास्त कडकपणे तपासा.

मंचावर कोण. आयोगाच्या काळात २००० पासून पाच राष्ट्रीय सर्वेक्षणांत सरासरी १५ टक्के ही अट होती. १९९२ मध्ये रॉस पेरो बुश आणि क्लिंटन यांच्यासोबत मंचावर होते, त्यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली आणि इलेक्टोरल मत एकही नाही. वरच्या कागदाचं गणित तिसऱ्याला असं मारतं.

डिबेट: चालू असताना

भाष्य नसलेलं प्रसारण निवडा. सी-स्पॅन वाहिनी स्वतःची मल्लिनाथी न करता दाखवते, आणि आयोजक वाहिनीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर बहुधा मिळतं. ज्यात कोपऱ्यात तिसराच माणूस हावभाव करतोय, असं प्रक्षेपण नको. इंग्रजी उच्चार अवघड जात असतील तर सबटायटल लावा, मात्र थेट सबटायटल काही सेकंद मागे असतात आणि आकडे चुकवतात. आकडा लिहायचा तो ऐकून.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात प्रश्न, चार शब्दांत. दुसऱ्यात खूण: उत्तर दिलं तर बरोबरची, बगल दिली तर फुली. तिसऱ्यात तपासता येईल असा दावा, आकड्यासकट. बगल ओळखायची युक्ती सोपी आहे. उत्तराचं पहिलं वाक्य प्रश्नातल्या शब्दांना धरून असतं, दुसऱ्या वाक्यात ‘पण खरा प्रश्न असा आहे’ येतं, आणि तिसऱ्यापासून सभेतलं पाठ भाषण सुरू होतं. म्हणून खूण दुसऱ्या वाक्यानंतर करा, पहिल्याला भुलू नका. फुल्या दोघांच्याही पडतात. कुणाच्या कोणत्या विषयावर पडतात, यात माहिती आहे.

आकड्यांत फसवणूक बहुधा आधाराच्या वर्षात दडलेली असते. ‘माझ्या काळात इतक्या नोकऱ्या वाढल्या’ हे २०२० च्या टाळेबंदीच्या तळापासून मोजलं की वेगळं, त्याआधीपासून मोजलं की वेगळं. महागाई कमी झाली म्हणजे किमती कमी झाल्या असं नव्हे, वाढीचा वेग कमी झाला. टक्के आणि टक्केवारीचे गुण (४ टक्क्यांचे ५ झाले तर वाढ एका गुणाची, पण २५ टक्क्यांची) यांतली गल्लत तर दोन्हीकडचे बिनदिक्कत करतात.

सूत्रसंचालक चुकीचं विधान तिथल्या तिथे खोडतील, असं धरून चालू नका. एबीसी वाहिनीच्या सप्टेंबर २०२४ च्या डिबेटमध्ये सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर आणि लिन्झी डेव्हिस यांनी काही विधानं खोडली. जूनच्या सीएनएन डिबेटमध्ये ते काम उमेदवारांवरच सोडलं होतं. न खोडलेलं विधान खरं ठरत नाही, आणि एकाचंच खोडलं म्हणून दुसऱ्याचं बाकी सगळं खरं असंही नाही.

डिबेट: संपल्यावर

संपल्या संपल्या फोन उघडू नका, निदान अर्धा तास. त्या वेळात पक्षांची माणसं स्पिन रूममध्ये पत्रकारांना गाठून ‘आमचाच जिंकला’ सांगत असतात आणि वीस सेकंदांच्या चित्रफिती फिरू लागतात. आधी वहीत स्वतःचं मत एका ओळीत लिहा. मग पॉलिटिफॅक्ट किंवा फॅक्टचेक डॉट ऑर्गवर तिसऱ्या रकान्यातले दावे तपासा. पूर्ण शब्दांकन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टवर जुन्या डिबेटसकट मिळतं.

तात्काळ सर्वेक्षणं डिबेट पाहणाऱ्यांची असतात, मतदारांची नव्हे. पाहणाऱ्यांत एका पक्षाचे जास्त असले तर आकडा तिकडे झुकतो. डिबेटचा मतांवर परिणाम झाला का, हे साधारण आठवड्याने राज्यवार सरासरीत दिसतं, तेही दिसलं तर. सीएनएनच्या सर्वेक्षणात सप्टेंबर २०२४ च्या डिबेटनंतर ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस यांना विजयी ठरवलं होतं, नोव्हेंबरात काय झालं ते वरच्या कागदावर आहे. २०१२ मध्ये डेन्व्हरला ओबामा फिके पडले आणि निवडणूक जिंकले. याच्या उलट जून २०२४. बायडन अडखळले आणि २१ जुलैला शर्यतीतून बाहेर पडले. पण तिथेही मतदारांआधी त्यांचा पक्षच हलला, हे लक्षात घ्या.

डिबेटच्या माहात्म्याची सगळ्यात आवडती गोष्ट १९६० ची. २६ सप्टेंबरला शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन पहिल्यांदा टीव्हीवर समोरासमोर आले. निक्सन आजारातून उठलेले, चेहरा ओढलेला. ‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवाल्यांना केनेडी’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी ऐकवतं. त्याचा आधार एका संस्थेचं लहानसं सर्वेक्षण एवढाच आहे, आणि रेडिओ ऐकणारे मुळात कुठल्या भागातले, कुठल्या विचाराचे होते हा प्रश्न त्यात सुटलेला नाही. हे वाक्य ऐकवणाऱ्याचं बाकीचं विश्लेषणही जरा जपूनच घ्यावं.

शेवटच्या डिबेटबाबत आणखी एक. अमेरिकेत बरेच लोक टपालाने किंवा आधी जाऊन मत देतात. २२ ऑक्टोबर २०२० ची डिबेट सुरू झाली तेव्हा चार कोटींहून जास्त मतं आधीच पडली होती.

निकालाची सकाळ

७ नोव्हेंबर २०२८ चं मतदान आपल्याकडे बुधवारी ८ तारखेला पहाटेपासून उलगडेल. तोवर तिथली उन्हाळी वेळ संपलेली असेल, म्हणून फरक साडेनऊ नव्हे, साडेदहा तासांचा. आजच्या नियमांप्रमाणे मतदान बंद होण्याच्या भारतीय वेळा:

पहाटे ४:३० – इंडियाना आणि केंटकीचा पूर्वेकडचा भाग
५:३० – जॉर्जिया
६:०० – नॉर्थ कॅरोलायना
६:३० – पेनसिल्व्हेनिया, मिशिगनचा बहुतेक भाग
७:३० – विस्कॉन्सिन, ॲरिझोना
८:३० – नेव्हाडा
९:३० – कॅलिफोर्निया

पहाटे साडेचारला उठायची गरज नाही. सहाला उठा. मतदान बंद होताच एखादं राज्य कुणाला ‘दिलं’ गेलं, म्हणजे तो तिथे जिंकल्याचं जाहीर झालं, तर चकित होऊ नका, ते अंदाजावर दिलेलं असतं आणि बालेकिल्ल्यांत तो सहसा चुकत नाही. निकाल ‘देणारी’ असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि वाहिन्यांचे स्वतःचे कक्ष. एकाच वाहिनीने दिलेलं काठावरचं राज्य कागदावर पेन्सिलने लिहा, असोसिएटेड प्रेसने दिलं की पेनने.

आघाडी बघताना मोजणीचा क्रम विसरू नका. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियात ट्रम्प रात्री जवळपास सात लाखांनी पुढे होते आणि शेवटी बायडन ८०,५५५ मतांनी जिंकले. त्यात गूढ काही नव्हतं. तिथल्या कायद्याने टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, आणि टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट जास्त होते. फ्लोरिडात ती तयारी आधी होते, म्हणून तिथला निकाल लवकर येतो. ॲरिझोनात शेवटच्या दिवशी आणून टाकलेल्या पाकिटांवरच्या सह्या पडताळायला दिवस लागतात. २०२० ला मंगळवारचं मतदान आणि शनिवारी निकाल, २०२४ ला आपल्याकडच्या बुधवारी दुपारी चारनंतर. ऑफिसला दांडी मारायचीच असेल तर हे दोन्ही अनुभव समोर ठेवून मारा.

ती ५३८ मतं प्रत्यक्ष देणारे प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर १९ डिसेंबर २०२८ ला आपापल्या राज्यात मतदान करतील, ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ती मतं मोजेल आणि २० जानेवारी २०२९ ला आपल्या रात्री साडेदहाला शपथविधी.

अमेरिकेत राहत असाल तर

मत फक्त नागरिकांना. ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही. गाडीचा परवाना काढताना अर्जात मतदार नोंदणीचा चौकोन असतो, त्यावर घाईत खूण करू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा केल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते. एच-वन बी किंवा विद्यार्थी व्हिसावर देता येत नाही, आणि मोहिमेच्या अधिकृत दुकानातला टीशर्ट किंवा टोपी विकत घेणं ही कायद्याने देणगीच धरली जाते. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नाही, पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात मात्र सहभाग नको. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी निधिसंकलनाच्या जेवणाचं तिकीट पुढे केलं तर आधी आपला व्हिसा आठवा.